लिहून उरलेली

१

दुपारचं जेवण उरकलं की सा देक गावातल्या त्या गल्लीत माणूस दिसायचं नाही. शेवंतीच्या वाफ्यांवरचे मजूर कुंड्यांच्या सावलीत आडवे व्हायचे, कॉफीवाली ठेल्याच्या खांबांना झोळी बांधून तिच्यात मिटून जायची, कुत्रीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर ढकलायची. लुआच्या घरात तिची सासू मागच्या खोलीत आणि नवरा तोआन ओसरीतल्या गार लाद्यांवर, असे जिथल्या तिथे कलंडलेले असायचे. जागी एकटी लुआ. मधल्या खोलीत, शिकवणीच्या बुटक्या बाकाशी मांडी घालून ती लिहीत बसायची.

लिहायला तिला इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं. "रोज थोडं लिहा. मुलीबद्दल आठवेल ते लिहा. मन हलकं होतं." बाईंचं बरोबर असेल. बाईंची स्वतःची दोन्ही मुलं टेबलाच्या काचेखालच्या फोटोत दात काढून हसत होती. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांनी सल्ले द्यायचे असतात. पण लुआचं पोटच अक्षरावर चालायचं. गल्लीतल्या पोरांना ती जांभळ्या शाईनं वळणदार अक्षर गिरवायला शिकवायची. कागद घरात होता, शाई घरात होती, आणि दुपार तर संपता संपत नव्हती. बघू तरी लिहून, असं तिला वाटलं.

मीत सहा वर्षांची होती. शाळेच्या दाखल्यावर नाव भारदस्त, घरात मात्र मीत, म्हणजे फणस. मुलाला असलं काहीतरी खायच्या वस्तूचं नाव ठेवलं की अदृश्यातले डोळे त्याच्याकडे वळत नाहीत. फणसावर कोण नजर ठेवणार, असा त्यामागचा हिशेब. डेंग्यूच्या डासाला तो हिशेब कुणी समजावून सांगितला नव्हता.

पाऊस सरता सरता ती गेली. आता घर खायला उठत असेल, असं लोक म्हणायचे. तसं नव्हतं, आणि हे लुआनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मीत दुपारची कधी झोपायचीच नाही. सगळे झोपले की आजीच्या मोठ्या सपाता पायांत अडकवून घरभर हिंडायची. फट्, घसर. फट्, घसर. पाण्याच्या रांजणावरचं झाकण उचलायची, आत डोकवायची, झाकण परत ठेवायची. गेल्यावरही ती हिंडतच होती. रोज दुपारी सपाता मागच्या खोलीतून निघायच्या, रांजणापाशी येऊन थांबायच्या. लुआला एकदाही भीती वाटली नाही. उलट कधी एकदा जेवणं उरकतात आणि सगळे झोपतात, असं तिला व्हायचं.

म्हणून तिनं पहिल्यांदा सपाताच लिहिल्या. त्यांचा विटका निळा रंग लिहिला, अंगठ्यापाशी झिजलेलं रबर लिहिलं, घसरताना मीत भिंतीला कसा हात लावायची आणि भिंतीवर त्या उंचीला कसा मळका पट्टा उमटला होता, ते लिहिलं. लिहिताना ढसढसा रडली. लिहून झाल्यावर तिला खरोखर बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सपाता वाजल्या नाहीत.

२

माणूस पहिल्यांदा स्वतःच्या कानांवरच संशय घेतं. लुआनंही घेतला. काल रडून कान भरले असतील, वारा असेल, पलीकडच्या घरातला पंखा घरघरतोय म्हणून ऐकू येत नसेल. ती उठून मागच्या दारापाशी गेली. सपाता जागेवर होत्या. तिनं त्या पायांत घालून इकडून तिकडे चालून पाहिलं. आवाज झाला, पण तो असाच होता का, ते तिला सांगता येईना. भिंतीवरचा मळका पट्टाही सापडेना. सासूनं कधीतरी पुसला असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. सासूवर ढकललं की पुष्कळ गोष्टी सोप्या व्हायच्या.

एवढ्यात रांजणाचं झाकण उचललं गेलं आणि हळूच परत ठेवलं गेलं. म्हणजे पोर होती. अनवाणी होती, इतकंच.

तो सपातांचा लेख तिनं सहज प्रांताच्या वर्तमानपत्राला धाडला होता, तो रविवारच्या पुरवणीत छापून आला. गल्लीतली सातवी ताई, म्हणजे सात नंबरचं लेकरू म्हणून जन्मभर सातवी राहिलेली शेजारीण, तो अंक हातात घेऊनच आली.

"रडवलंस गं बाई!" ती म्हणाली. "आमचे हे कधी डोळ्यांतून टिपूस काढत नाहीत. आई वारली तेव्हा पत्ते खेळत होते. ते रडले!"

"बरं झालं," लुआ म्हणाली.

"अजून लिही गं. तुझ्या हातात आहे ते."

पुरवणीच्या संपादक हाओताई, त्यांचाही फोन आला. आवाज गोड, घाई फार. "वाचकांची पत्रांवर पत्रं येतायत, लुआ. पुढचं कधी देतेस? आणि हे बघ, घरगुतीच लिही. लहान लहान गोष्टी. लोकांना मोठं दुःख झेपत नाही."

त्या रात्री तोआन घोरला. मीत गेल्यापासून त्याला धड झोप नव्हती. लुआला आधी त्या घोरण्याचा राग आला, मग त्याचा हेवा वाटला.

३

दुसरा लेख मीतच्या दुपारच्या एका वाक्यावर होता. हिंडून कंटाळा आला की ती चटईवर येऊन आडवी व्हायची, डोळे घट्ट मिटायची आणि जाहीर करायची. तेवढं जाहीर केलं की तिच्या मते दुपारच्या झोपेचं कर्तव्य संपायचं. मग परत उठून हिंडायची. गेल्यानंतरही ते वाक्य रोज यायचं, चटईच्या बाजूनं, हळू. लुआ लिहायची थांबून त्याची वाट बघायची.

लेख पुरा झाला, शेवटचा पूर्णविराम दिला आणि दुसऱ्या दिवशी वाक्य आलं नाही. चटई करकरली, कुणीतरी आडवं झाल्यासारखी. मग काहीच नाही. लुआनं ते वाक्य स्वतः म्हणायला तोंड उघडलं, आणि तिला ते आठवेना.

लेख छापून आल्यावर एका दुपारी तिला आठवलं, तोआनच्या फोनमध्ये मीतचा व्हिडिओ होता. नवीन वर्षाच्या बाजारात, शेवंतीच्या कुंड्यांमध्ये उभी राहून ती काहीतरी सांगत होती. लुआनं तोआनला ओसरीतून उठवलं आणि व्हिडिओ लावला. ओठ हलत होते. मागची गर्दी, मोटारसायकली, फुलवाल्यांची ओरड, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"आवाज वाढव," लुआ म्हणाली.

"पूर्ण आहे." तोआननं फोन कानाला लावला, झटकला, पुन्हा लावला. "माईक खराब असेल."

"बाकीचं येतंय ना!"

"येतंय खरं."

"दुपारी ती काय म्हणायची रे? चटईवर पडून?"

तोआननं कपाळाला आठी घातली. मग तो आत गेला, पुरवणीचा अंक घेऊन आला आणि बोट ठेवत ठेवत त्यानं वाचलं. "हे बघ, इथे लिहिलंयस की तू. 'मा, मी झोपले हं.'"

दोघांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. छान वाक्य होतं. कुणाच्याही मुलीनं म्हणावं असं. साऱ्या प्रांतात रविवारच्या न्याहारीबरोबर लोकांनी ते वाचलं होतं, आणि घरातल्या दोन माणसांना ते वर्तमानपत्रातून कळत होतं. लुआनं तो अंक फाडला, घरातला मूळ कागदही टराटरा फाडला, आणि दुपारभर चटईजवळ कान देऊन बसली. फाडून काही परत येत नाही. कागद नुसता फाटतो.

४

शहाण्या माणसानं इथेच हात आवरला असता. पण तिसरा लेख तोवर गेलेला होता. त्यात मीतचा चेहरा होता. पुढचा पडलेला दात, डोळ्याखालचा तीळ, चिडली की डाव्या गालावर पडणारी खळी, सगळं तिनं निगुतीनं लिहिलं होतं. पूर्वजांच्या उंच देव्हाऱ्यात लेकराचा फोटो ठेवत नाहीत, वडीलधाऱ्यांनी त्याच्यापुढे वाकायचं कसं? म्हणून मीतचा फोटो कपाटाच्या बाजूच्या फळीवर होता. लुआ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. फोटोत एक मुलगी होती. गोड होती. तिला कपाटाच्या फळीवर कुणी आणि का ठेवलंय, असा प्रश्न पडावा, इतकी ती परकी होती.

अजूनही तिची बुद्धी भांडत होती. दुःखानं माणूस विसरतं, डॉक्टरसुद्धा सांगतात. दुःखानं माणसाला नाही ते ऐकू येतं आणि मग एक दिवस यायचं बंद होतं, त्यालाच बरं होणं म्हणतात. असेल. तर मग एकदा पारखून बघू, असं तिनं ठरवलं. गमावली तरी चालेल अशी एखादी क्षुल्लक गोष्ट घ्यायची. तिनं चिंचोके निवडले.

सासूशी तिचं बोलणं मिठामासळीपुरतं उरलं होतं. त्या दिवशी जेवताना चिंचेच्या आंबट साराची वाटी पुढे सरकवत लुआनं विचारलं, "आई, शेवंतीच्या कुंड्यांत चिंचोके कोण लावायचं हो?"

म्हातारीनं दचकून वर पाहिलं. सूनबाई आपणहून बोलतेय याचंच तिला अप्रूप. मग तिच्या तोंडावर किती तरी महिन्यांनी हसू आलं. "कोण म्हणजे? तीच ती टवळी! ऐन विक्रीच्या दिवसांत शेवंतीतून चिंच वर यायची. मी उपटायची आणि ती मागून पुन्हा खोचायची. म्हणे, आजी, फुलं काय, लोक फेकून देतात!"

लुआला भडभडून आलं. न लिहावं असंच वाटलं. तरी त्या दुपारी तिनं ते लिहिलं. छापायला दिलं नाही, नुसतं लिहून बाकात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेच सार, तीच वाटी. "आई, चिंचोके कोण लावायचं?"

"कसले चिंचोके?" म्हातारी म्हणाली. आपलं काही चुकलं की काय, या धास्तीनं तिचा घास हातातच राहिला. "मी नाही हो लावले. कुठे आलेत?"

चिंचोके तिलाही आठवत नव्हते. ठाऊक होते, कारण बाकात कागद होता.

५

तिनं लिहिणं बंद केलं. हाओताईंचे फोन घेईना. शेवटी तोआननंच संध्याकाळी, कुंड्यांना पाणी घालून आल्यावर, विषय काढला. लुआनं त्याला सगळं सांगितलं. तो हसेल, निदान तिला डॉक्टरकडे नेईल, अशी तिची अपेक्षा होती.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"काय वाटलं होतं?"

"तू एकेक लिहितेस आणि माझं एकेक ओझं उतरतं. सुरुवातीला मी म्हटलं, काळ जातो तसं होतं." तो पायांवरचा चिखल खरवडत बसला. "लिही ना मग. राहिलंय ते पण लिहून टाक."

"राहिलंय काय?"

"तुला माहीत आहे."

"तो दिवस मी लिहिणार नाही."

"मला रोज तोच दिसतो, लुआ. आधी निदान त्याच्या आजूबाजूला काहीतरी होतं. तिचं हिंडणं होतं, बोलणं होतं. ते तू सगळ्या प्रांताला वाटलंस. आता तेवढा एकच दिवस उरलाय, भर दुपारी डोळ्यांपुढे येतो. मला माझी पोर म्हणून तेवढंच आठवतं."

"मग आठव!"

"बाईमाणसानं इतकं कडू असू नये," तोआन म्हणाला आणि उठून गेला.

तो दिवस असा होता. चार दिवसांचा ताप उतरला होता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरी भीती असते, हे त्यांना नंतर सांगण्यात आलं. मीत गार पडली होती, मलूल होती. अंगात वारं शिरलं म्हटलं की जे कुठल्याही घरात करतात तेच आजीनं केलं. मागच्या खोलीत चटईवर नातीला पाठमोरी बसवलं, झबलं मानेपर्यंत वर केलं, पाठीला सर्दीतापाचं हिरवं तेल चोळलं आणि साराच्या चमच्याच्या कडेनं वरून खाली खरवडायला लागली, लाल पट्टे उठेपर्यंत. पट्टे जितके लाल तितकं वारं बाहेर. पट्टे फार लवकर उठले, फार गडद उठले. आजीला वाटलं, वारंच जास्त होतं. मधल्या खोलीत लुआ पोरांकडून अक्षर गिरवून घेत होती. पडद्याआडून तिला "आजी, पुरे" असं ऐकू आलं. ते तर दर थंडीतापात ऐकू यायचं.

संध्याकाळी इस्पितळात डॉक्टरांनी पाठ पाहिली. "अशा तापात खरवडायचं नसतं. आत रक्त सुटलेलं असतं," ते म्हणाले. पहाटे सगळं संपलं. खरवडलं नसतं तर वाचली असती का, असं लुआनं त्यांना विचारलं. ते सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. खरं बोलले बिचारे. पण लुआनं त्यातलं तिला हवं तेवढंच उचललं आणि ते सासूच्या पदरात टाकलं. तोंडानं एक शब्द न बोलता.

६

वैशाखातल्यासारखी टळटळीत दुपार होती. पत्रे तडतडत होते. लिहायचं नव्हतं तरी सवयीनं लुआ बाकाशी बसली होती. रांजणाचं झाकण आताशा हलत नसे. ते तिनं सपातांच्या लेखात एका ओळीत घातलं होतं, आणि उशिरा का होईना, तेही गेलं होतं.

पहिल्यांदा वास आला. हिरव्या तेलाचा. थंड, झणझणीत, नाकातून डोळ्यांत चढणारा. ती बाटली लुआनं स्वतःच्या हातानं कालव्यात फेकली होती. शेजारून येत असेल, असं तिनं म्हटलं. हे तेल कुणाच्या घरात नसतं?

मग आवाज. सर्र. थोडं थांबून, सर्र. सातवी ताई खोबरं खवत असेल. पण भर दुपारी कोण खोबरं खवतं? आणि तो आवाज पडद्याआडून येत होता.

लुआ उठली. पडद्यापर्यंतची ती चार पावलं तिला जड गेली. तिनं पडदा बोटभर बाजूला केला.

सासू चटईवर बसली होती. डोळे मिटलेले, गालांवरून पाण्याच्या धारा लागलेल्या. हातात चमचा. हात वरून खाली येत होता, उचलला जात होता, परत वर जात होता. आणि तिच्यापुढे, पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशात, एक लहान पाठ होती.

तेवढीच दिसली. वर गोळा केलेलं झबलं, खाली वाकवलेली मान, मणक्याच्या दोन्ही अंगांना गडद पट्टे. केस पुढे पडलेले होते. पुढे काय होतं कोण जाणे. चेहरा तर लुआनं लिहून टाकला होता. चमचा उचलला गेला की पाठ शहारायची आणि तसूभर मागे सरकायची, चमच्याकडे.

लुआच्या हातून पडदा सुटला. पुन्हा उचलला तेव्हा चटईवर सासू एकटी होती. तेलाचा ओला डाग मात्र होता.

"किती दिवस चाललंय हे?" लुआनं विचारलं.

"तू लिहायला लागलीस तेव्हापासून थोडं थोडं. आता रोज." म्हातारीनं चमचा मांडीखाली लपवला, चोरी सापडल्यासारखा. "मी मुद्दाम नाही गं करत. डोळा लागला की पुढ्यात येऊन बसते, पाठ करून. नाही म्हटलं तर तशीच बसून राहते आणि कुडकुडते. मी काय करू? पूर्वी कधी बोलायची, हिंडायची. आता तिला दुसरं काही येतच नाही."

म्हातारी गुडघ्यांवर सरकत पुढे आली आणि तिनं सुनेचे पाय धरले. सासूनं सुनेचे पाय धरावेत, ही त्या घरात कधी न घडलेली गोष्ट होती.

"लिही गं पोरी. माझं नाव घालून लिही. आजीनं मारली, असं लिही. सगळ्या प्रांताला कळू दे, मला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहू नये. पण लिहून टाक. तिला सोडव, मला सोडव."

"नाही."

"का गं?"

"तुम्ही विसराल," लुआ म्हणाली.

७

आईची दशा पाहून तोआननं तिला विन्ह लाँगला आपल्या बहिणीच्या घरी न्यायचं ठरवलं. मोटारसायकलवर म्हातारीला मागे बसवून, पडू नये म्हणून ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं.

"तू पण चल," तो लुआला म्हणाला.

"शिकवणी आहे."

"पोरं कुठे येतात आता? त्यांच्या आया म्हणतात, घरात कसला तरी वास येतो." तो आत गेला. बाकावर त्यानं कोरे कागद ठेवले, दौत भरून ठेवली. "मी आईला सोडून तिथेच थांबतोय. तू ते लिहून झालं की कळव. मी त्याच दिवशी येईन. लुआ, आपण अजून म्हातारे नाही झालो. दुसरं लेकरू होईल."

म्हातारीनं जाताना सुनेकडे पाहिलं नाही. एक लहानशी पुरचुंडी ती चटईवर ठेवून गेली होती.

दुपार झाली. लुआ पडदा बाजूला सारून उंबऱ्यावर बसली. तेलाचा वास आला आणि पाठ आली. आता मागे कुणी नव्हतं. ती बसून राहिली, वाकलेली, आणि कुडकुडायला लागली. बाहेर माणसं उन्हानं हैराण होऊन पडली होती आणि आत ते एवढंसं अंग थंडीनं थडथडत होतं. लुआनं हाक मारली. घरातलं नावही कधीच छापून गेलं होतं. ज्या नावानं तिनं हाक मारली ते तिलाच उसनं वाटलं. पाठ हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टे फिके होते. लुआला क्षणभर बरं वाटलं, जखम भरतेय असं. मग लक्षात आलं की पट्ट्यांबरोबर पाठही फिकी होतेय. झबल्यातून चटईच्या काड्या दिसत होत्या. त्यानंतरच्या दुपारी ती आली तेव्हा पाठ कुठे संपते आणि ऊन कुठे सुरू होतं, ते डोळे ताणून शोधावं लागलं. कुडकुडणं मात्र तेवढंच होतं.

लुआनं बाकाकडे पाहिलं. जांभळी शाई काठोकाठ भरलेली. एक पानभर लिहिलं की झालं. नवरा परत येईल, सासू धड जेवेल, हाओताईंच्या वाचकांचे रुमाल ओले होतील. आणि कपाटाच्या फळीवरच्या फोटोतल्या गोड मुलीला घरातलं कुणीच कधी ओळखणार नाही. लिहिलं नाही, काहीच केलं नाही, तरी उद्या-परवा ही चटई नुसती चटई होणार होती. जगात मीत म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच होतं, आणि ते गारठून विझत होतं.

तिनं पुरचुंडी सोडली. आत हिरव्या तेलाची नवीन बाटली होती, अर्धी संपलेली, आणि साराचा चमचा.

ती चटईवर जाऊन बसली, म्हातारी बसायची तिथे. इतक्या जवळून केसांचा वास यायला हवा होता. तो तिनं कधी लिहिला होता की काय, तेही आठवत नव्हतं. तेल तळहातावर ओतून तिनं हात पुढे केला. हाताला पाठ लागली. खरी लागली, गार, मणक्याची गाठन् गाठ. लुआच्या तोंडून हुंदका फुटला. जवळजवळ वर्षभरानं ती आपल्या पोरीला हात लावत होती.

तिनं चमच्याची कड मानेखाली टेकवली आणि खाली ओढली. सर्र. लाल पट्टा उठला, पाठीची कड उन्हापासून वेगळी झाली, कुडकुडणं थांबलं. पाठ तसूभर मागे सरकली, आणखी हवं असल्यासारखी.

"झालं हं, झालं," लुआ म्हणाली, आणि तिनं पुन्हा वरून सुरुवात केली.